डोकं धरणारा नंदू

नंदू गेला त्या सकाळी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला आणि मी तो जवळजवळ कापलाच. इथं ॲरिझोनात, चँडलरला, आमच्याकडे असे फोन सारखे येतात. कुणाला तुमच्या छपरावर सोलर बसवायचं असतं, कुणाला तुमच्या गाडीची वॉरंटी वाढवायची असते. मी ओट्याशी भेंडी पुसत उभी होते, फोन स्पीकरवर. पलीकडचा माणूस फार सावकाश बोलत होता, वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घेत होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, 'नो थँक यू, नॉट इंटरेस्टेड.' तो म्हणाला, 'मॅम, प्लीज... मी डॅरेल. नंदूचा मित्र. बॉथेलहून बोलतोय.' नाव ओळखीचं होतं, आवाज कधी ऐकलेला नव्हता. मग त्यानं सांगितलं की आज सकाळी नंदू गेला. मी म्हटलं, 'शक्यच नाही. परवा रविवारी आमचं बोलणं झालंय. साबुदाणा भिजत घातलाय म्हणाला, संध्याकाळी खिचडी करणार म्हणाला.' 'मॅम,' तो म्हणाला, 'रविवारी तो हॉस्पिसमध्ये होता.' हॉस्पिस म्हणजे बरं करायला नव्हे, तर नीट जाऊ द्यायला नेतात ती जागा. स्वादुपिंडाचा कॅन्सर. वसंत ऋतूपासून त्याला माहीत होतं, आणि डॅरेललाही.

खरं सांगते, मला आधी त्या साबुदाण्याचा राग आला. दुःख नंतर आलं. मरणाच्या खाटेवर पडून हा माणूस मला खिचडीच्या गोष्टी सांगत होता, आणि मीही वर त्याला सल्ला दिला होता की पाणी बेताचं घाल, नाहीतर गोळा होईल. मी त्याची सख्खी मावसबहीण. नागपूरला एका अंगणात वाढलो आम्ही, या देशात तो पहिल्यांदा उतरला तो माझ्या घरी, आणि ज्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं त्या माणसाला सगळं ठाऊक, मला नाही. असं का, हे मला कळायला हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नंदू, म्हणजे नंदन, माझ्याहून बराच लहान. माझ्या धाकट्या मावशीचा एकुलता एक. नागपूरला फिजिओथेरपी शिकला आणि पुढच्या शिक्षणासाठी ॲरिझोनात आला, तेव्हा पहिलं वर्ष आमच्याकडेच राहिला. दिसायला किडकिडीत, हात मात्र राक्षसासारखे. त्या हातांनी तो पोळ्या लाटायचा आणि प्रत्येक पोळीचा नकाशा निराळा. अभ्यासासाठी म्हणून अमेरिकन फुटबॉल बघायला लागला आणि लागलाच त्याच्या नादाला. त्या खेळाला फुटबॉल का म्हणतात हे मला आजवर कळलेलं नाही. पायाचा संबंध नावापुरता. दांडगे बाप्ये डोक्यावर भांडी घालून एकमेकांना धडका मारतात आणि दर दोन मिनिटांनी जाहिराती. मी म्हणायचे, 'कप्पाळ तुझं! मोडलेली माणसं दुरुस्त करायला शिकलास, आणि माणसं मोडायचा खेळ बघत बसतोस.' तो म्हणायचा, 'ताई, म्हणून तर तिथं माझी गरज आहे.'

शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी त्याला खरोखरच एका व्यावसायिक टीममध्ये नोकरी लागली, लांब तिकडे, थंडीच्या मुलखात. टीमचं नाव लिहीत नाही. ट्रेनर म्हणून लागला, पण ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा नव्हे. खेळाडूंचे घोटे बांधणारा, मुरगळलेलं ठिकाणावर आणणारा, आणि मैदानात कोणी पडलं की सगळ्यांत आधी धावत जाणारा. सुट्टीत आमच्याकडे आला की नोकरीच्या गमती सांगायचा. मोसम सुरू व्हायच्या आधी हे लोक रिकाम्या मैदानावर तालीम करतात म्हणे. एक जण मेल्यासारखा आडवा पडतो, आणि बाकीचे त्याला मान न हलवता फळीवर घेतात. त्यात जो डोकं धरतो त्याचा हुकूम चालतो. तो गुडघे टेकून पडलेल्याच्या डोक्यामागं बसतो, दोन्ही हातांत हेल्मेट पक्कं धरतो, आणि तो 'उचला' म्हणेल तेव्हाच बाकीच्यांनी उचलायचं. मान पट्ट्यांनी जखडली जाईपर्यंत त्यानं हात काढायचा नाही, नाकावर माशी बसली तरी. टीममधले मोठमोठे डॉक्टरसुद्धा तेवढ्यापुरते त्याच्या शब्दाबाहेर नसतात. हे सगळं त्यानं आमच्या हॉलमध्ये श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गालिच्यावर पाडून दाखवलं होतं. 'भाऊजी, अजिबात हलू नका हं.' भाऊजी हलले नाहीत, झोपून गेले. नंदू मात्र तसाच डोकं धरून बसलेला. मी म्हटलं, सोड आता. तर म्हणाला, 'असं मध्येच सोडता येत नाही, ताई.'

याच्या थोडं आधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नंदूची आई, माझी मावशी, कॅन्सरनं गेली. तिला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. काकांनी, म्हणजे नंदूच्या बाबांनी, ठरवलं, मामांनी दुजोरा दिला, डॉक्टरही आपलेच, त्यांनी मान डोलावली. रिपोर्ट कपाटात कुलपात गेले आणि घरात 'अशक्तपणा' या एका शब्दावर कारभार सुरू झाला. नंदू रजा काढून गेला, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून त्याच्याकडे घरातल्यांनी खास काम दिलं, तिला पटवायचं. त्यानं पटवलं. टॉनिकनं भरून येईल म्हणाला. मीही फोनवर तेच म्हणत होते. एकदा मावशीनं मला विचारलं, 'काय गं, हल्ली सगळे माझ्याशी इतके गोड का बोलतायत?' मी हसण्यावारी नेलं. अगदी शेवटी तिनं नंदूला विचारलं, नंदू, मी बरी होईन ना रे? तो म्हणाला, हो तर. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, पोरगं खंबीर निघालं म्हणून. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. आजही पूर्ण चूक वाटत नाही... माणसाला शेवटचे दिवस तरी धास्तीशिवाय काढू द्यावेत, असं आपल्याकडे वाटतं, आणि ते वाटणं काही दुष्टपणाचं नाही.

तर नंदू त्या टीममध्ये असतानाचा एक रविवार, काही वर्षांपूर्वीचा. आमच्याकडे चार घरची मंडळी जमली होती, मिसळीचा बेत होता. दुपारचा खेळ लांबून संध्याकाळकडे झुकला होता आणि केवळ नंदूच्या टीमचा म्हणून आम्ही टीव्ही लावून ठेवला होता. कोणाचं लक्ष नव्हतं. समोरच्या टीमचा एक धिप्पाड गडी चेंडू काखेत घेऊन निघाला आणि नंदूच्या टीमचा एक तरणाबांड खेळाडू त्याला अडवायला वाकून, डोकं पुढे करून घुसला. तो डॅरेल. डोकं वर ठेव, समोरच्याकडे बघत धडक, हे या लोकांकडून शाळेपासून घोकून घेतात, आणि नेमक्या वेळी माणूस विसरतो. डोकं खाली गेलं की मान काठीसारखी सरळ होते आणि सगळा भार मणक्यांवर येतो. नंदूनं नंतर मला कागदाचा पेला टेबलावर उभा आपटून दाखवला होता, काय होतं ते. टीव्हीवर मात्र एवढंच दिसलं की बाकीचे उठले आणि एक उठला नाही.

आणि मग श्रीकांत ओरडला, 'अगं, नंदू! नंदू दिसतोय!' दिसत होताच. धावत आला, गुडघे टेकले, डोकं हातात धरलं. आम्हाला काय तो आनंद! सगळे टीव्हीपुढे गोळा झाले. मी पडद्याचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'आपला नंदू टीव्हीवर!!' नागपूरला पहाट होत होती. लवकर उठणाऱ्या काका-मामांचे फटाफट निरोप यायला लागले. अभिनंदन. नाव काढलंस बेटा. कोणी फुलं, कोणी जोडलेले हात, कोणी टाळ्या. नंदूच्या बाबांनी लिहिलं, आज तुझी आई हवी होती. पडद्यावर खेळाडू गोल करून गुडघ्यांवर बसले होते, काही जण तोंड झाकून रडत होते, आणि आमच्यातलं कोणीतरी हळूच म्हणालं, 'अहो... तो हलत नाहीये.' मी ग्रुपवरून फोटो काढून टाकला, पण तोवर तो किती घरांत पोचला होता देव जाणे. गाडी आली, त्याला घेऊन बाहेर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका ट्रकची जाहिरात लागली, आणि खेळ पुढे सुरू झाला. मिसळ कोणी खाल्ली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. सगळ्यांनी खाल्ली.

काही दिवसांनी नंदूचा फोन आला. मी म्हटलं, 'अरे, सगळे तुझं इतकं कौतुक करतायत.' तो म्हणाला, 'ताई, गप्प बस आणि ऐक.' असं तो माझ्याशी कधी बोलत नसे. मैदानात त्यानं डोकं धरलं, हेल्मेटच्या जाळीतून डॅरेलचा चेहरा त्याला उलटा दिसत होता. डॅरेल शुद्धीवर होता. तो म्हणत होता, माझे पाय कोणीतरी वर धरलेत, त्यांना खाली ठेवायला सांगा. पाय तर गवतावर सरळ पडलेले होते. मानेतला मज्जारज्जू तुटला की असं होतं म्हणे, आदळताना अंग ज्या स्थितीत होतं तीच मेंदूला जाणवत राहते, कारण त्यानंतरची खबर वर पोचतच नाही. ते ऐकलं त्या क्षणी नंदूला सगळं समजलं. अशा वेळी काय बोलायचं हेही त्यांना शिकवलेलं असतं. आम्ही तुझ्यापाशी आहोत, हलू नकोस, आम्ही काळजी घेतोय, बस. खोटं नाही आणि निदानही नाही. नंदूच्या तोंडून ते आलंच नाही. तो म्हणाला, 'ठेवले रे, खाली ठेवले पाय. काही झालेलं नाही तुला. यू आर फाइन.' आपल्याकडे मूल पडलं की आपण फरशीला दोन चापट्या मारतो आणि म्हणतो, काही झालं नाही, मुंगी मेली बघ. मान मोडलेल्या माणसाला नंदूनं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि मुंगीशिवाय. फोनवर मला म्हणाला, 'मी आईशी बोलत होतो गं तिथं.' मी म्हटलं, अरे, तू चांगल्यासाठीच बोललास.

डॅरेल जगला. खांद्यांच्या खाली काही हलत नाही, काही कळत नाही. काही महिन्यांनी त्याची एक मुलाखत छापून आली. त्याला विचारलं होतं, सगळ्यांत वाईट क्षण कोणता. सगळ्यांना वाटलं धडकेचा म्हणेल. तो म्हणाला, 'माझं डोकं धरलेल्या माणसाचे डोळे मला दिसत होते. त्या डोळ्यांत सगळं होतं, आणि त्याचं तोंड म्हणत होतं की काही झालेलं नाही. तेव्हा मला कळलं की आता मी एकटा आहे.' नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजही नव्हती. नंदूची काही चूक निघाली नाही. उलट मान जराही हलू दिली नाही म्हणून श्वास वाचला, असं टीमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. पण मोसम संपला आणि नंदूनं नोकरी सोडली. त्याचं लग्न त्याआधीच मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. एक दिवस कळवलं की बॉथेलला एका क्लिनिकमध्ये लागलोय. आम्ही विचारलं, तिथं का बाबा? म्हणाला, हिरवंगार आहे, ॲरिझोनात डोळे भाजून निघाले होते माझे. खरं कारण हे की डॅरेल आणि त्याची आई तिथं राहत होते.

पहिल्या भेटीचं त्यानं मला एकदाच सांगितलं, आमच्या डायनिंग टेबलाशी बसून, भुईमुगाच्या शेंगा सोलत. डॅरेलनं त्याला आत घेतलं आणि सरळ विचारलं, 'तुला तेव्हा कळलं होतं?' नंदू म्हणाला, 'कळलं होतं. लगेच.' 'मग बोलला का नाहीस?' 'मला येत नाही,' नंदू म्हणाला. 'आमच्या घरात तसं बोलत नाहीत. माझ्या आईलाही मी सांगितलं नव्हतं.' डॅरेलनं मग आईबद्दल सगळं विचारून घेतलं, अगदी खोदून खोदून. निघताना म्हणाला, 'तू येत जा. पण या खोलीत खोटं बोलायचं नाही. छोटंसुद्धा नाही. मी बरा दिसतोय असं म्हणायचं नाही.' मी शेंगा सोलता सोलता म्हटलं, 'बाप रे, काय विक्षिप्त माणूस आहे.' नंदू हसला. म्हणाला, 'नाही गं. फार सोपं जातं तिथं.'

नंदू असताना मी बॉथेलला एकदाच गेले, दोनेक वर्षांपूर्वी. त्यानं मला हिंडवलं, जवळच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेलं, तिथं सगळ्या काकूंचा तो लाडका. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, नंदू हातात वाटी घेऊन उभ्याउभ्या सगळ्यांना व्यायाम सांगतोय. शनिवारी मात्र सकाळीच आवरून डॅरेलकडे निघाला. मी म्हटलं, मलाही ने. तर म्हणाला, 'नको ताई. तू तिथं त्याला धीर देत बसशील.' मला राग आला. म्हटलं, धीर देणं वाईट झालं का आता? 'वाईट नाही,' तो म्हणाला, 'पण दमायला होतं. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला.' गेला निघून. मी रागारागानं त्याचा फ्रीज घासून काढला. परत आला तेव्हा नेहमीपेक्षा हलका वाटत होता, गुणगुणत होता, आणि मला ते आवडलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

बाकी दर रविवारी फोन. कसा आहेस? मजेत. जेवलास? हो तर. यंदा उन्हाळ्यात आवाज खोल गेल्यासारखा वाटला तर म्हणाला, ॲलर्जी आहे, इकडे झाडं फार. गणपतीला ये म्हटलं तर क्लिनिकचं कारण. व्हिडिओ कॉल लाव म्हटलं की नेट खराब. सॉफ्टवेअर तपासण्यात जन्म गेला माझा, लोकांनी लपवलेल्या चुका शोधून काढते मी, आणि हे ऐकून घेत होते. नंदूचं खोटं तर सगळ्यांना लगेच कळायचं, कान लाल व्हायचे त्याचे. फोनवर कान दिसत नाहीत.

डॅरेलच्या फोननंतर आम्ही विमानानं बॉथेलला गेलो. बेलव्ह्यूच्या मंडळींनी सगळं केलं, कोणी गाडी पाठवली, कोणी भटजी बघितले, घरात डब्यांवर डबे. परक्या देशात अशी माणसं नसती तर आमचे काय हाल झाले असते कोण जाणे, त्यांचे उपकार आहेत. त्यांनाही काही माहीत नव्हतं. त्यांनाही ॲलर्जीच. आणि येणारा प्रत्येक जण मला सांगत होता, काकू, शांत गेला हो, काही त्रास झाला नाही, झोपेतच गेला. कोणी तिथं नव्हतं, तरी सगळ्यांना पक्कं माहीत. मी मान डोलवत होते. दुसऱ्याच्या दारात मीही इतकी वर्षं हेच बोलत आले आहे, शब्दही हेच. पण आता माझ्या बाजूनं ऐकताना ते शब्द गुळगुळीत लागत होते, हाताला काही येत नव्हतं. अंत्यविधीला डॅरेल आला होता, खुर्चीवर मागं, आईबरोबर. गर्दीत बोलणं झालं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी श्रीकांतला म्हटलं, मला डॅरेलकडे सोड आणि तू गाडीत थांब.

डॅरेलच्या आईनं दार उघडलं आणि मला पोटाशी धरलं. डॅरेलची खोली पुढेच, मोठी खिडकी, बाहेर उंच झाडं. तो खुर्चीत होता, हनुवटीनं चालवतात ती खुर्ची. अजून रुंद खांदे, त्यांच्याखालचं शरीर मात्र वाळलेलं. 'तुम्ही ताई,' तो म्हणाला. मी सोफ्यावर बसले. त्याच्या खुर्चीपुढे एक बुटकं लाकडी स्टूल होतं. तो म्हणाला, ते नंदूचं, त्यानं स्वतःच आणलं होतं, म्हणजे त्याच्याकडे बघताना मला मान वर करावी लागत नाही. मी येताना गाडीत सगळं भांडण घोकून आले होते. म्हटलं, 'तुला माहीत होतं. एक फोन करता आला नाही? मी त्याची बहीण आहे.' तो अर्थात इंग्रजीतच बोलला, थांबत थांबत. 'मी त्याला दर शनिवारी म्हणायचो, ताईला सांग. तो म्हणायचा, उद्या रविवार आहे, उद्या सांगतो. त्याच्या वतीनं सांगणं माझं काम नव्हतं. तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.' 'मला तुझा नंबरसुद्धा माहीत नव्हता!' मी ओरडलेच. 'खरं आहे,' तो म्हणाला. 'हेही खरं आहे.' तो रागावला नाही, मला शांत करायलाही गेला नाही. नुसता बघत राहिला. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मी ते विचारलं. इतक्या दिवसांत कोणाला विचारलं नव्हतं, कारण काय उत्तर येणार ते मला पाठ होतं, आणि त्या दुपारीही मला तेच उत्तर हवं होतं, शपथेवर सांगते. 'त्याला भीती वाटत होती का?'

डॅरेलनं श्वास घेतला. 'हो,' तो म्हणाला. 'फार. सुरुवातीपासून.' तो पुढे सांगत राहिला. 'इथं बसून रडायचा. हॉस्पिसमध्ये गेल्यावर मी तिथं जायचो. मी एकदा त्याला विचारलं, बहिणीला बोलावून का घेत नाहीस? तो म्हणाला, ताई मिळेल त्या विमानानं येईल. आली की माझा हात धरून म्हणेल, काही होत नाही तुला. मग मला धीट व्हावं लागेल, तिच्यासाठी. तेवढी ताकद आता माझ्यात नाही.'

मला म्हणता आलं नाही की असं झालं नसतं. अगदी असंच झालं असतं. मी पर्समध्ये अंगारा घेऊन गेले असते, मऊ भात केला असता, उशी सारखी करत बसले असते, आणि दिवसभर बडबडले असते, दिवाळीपर्यंत कसा ठणठणीत होशील बघ. आणि तो हसला असता, माझ्यासाठी, पोटात वेदनांचा डोंब उसळलेला असताना. लहानपणी अंधाराला घाबरायचा तेव्हा माझ्याच पांघरुणात शिरायचा तो. मोठेपणी त्याला घाबरायला एक परकं घर शोधावं लागलं. मी रडले. डॅरेलच्या आईनं टिश्यूचा डबा माझ्या बाजूला ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला होता, तिकडे तो असतोच.

बाहेर श्रीकांत गाडीत वाट बघत होता. मी डोळे पुसले. निघायला म्हणून उठले, आणि गेले नाही. पुढे होऊन त्या बुटक्या स्टुलावर बसले. खालीच आहे ते फार, माझे गुडघे कुरकुरले. पण बसलं की डॅरेलचा चेहरा अगदी समोर येतो, तोंड चुकवायला जागाच राहत नाही. नंदू इतकी वर्षं इथं बसायचा.

'आणखी सांग,' मी म्हटलं. 'सगळं सांग.'